एका फिडलीला किती मांजरी?

मांजरांमुळे मी ठाणे आणि कल्याण पाहिलं. लोक तीर्थाला जातात, हवा पालटायला जातात, गेलाबाजार कोर्टाच्या तारखेला तरी जातात. मला आमच्या मंडळीनं एकच प्रश्न हातात देऊन आगगाडीत बसवलं: एका फिडलीला किती मांजरी लागतात?

मंडळी म्हणजे इथे बायको नव्हे. माझ्या आयुष्यात दोन मंडळी आहेत. एक गिरगावातल्या चाळीत आहे आणि ती मला भाजी आणायला पाठवते. दुसरी काळबादेवीला गोकुळशेटच्या पेढीवर भरते. तिचं नाव 'तंतुवाद्यशिक्षणोत्तेजक मंडळी' आणि तिथे मी उपचिटणीस आहे. हे नाव एका दमात म्हणता येणं एवढीच सभासद होण्याची अट असावी.

गोकुळशेट कापसाचे मोठे व्यापारी. कापसाचा भाव कोसळला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, पण एका नाटकाच्या खेळात फिडल ऐकून ते ढसाढसा रडले आणि घरी न जाता तसेच पेढीवर येऊन त्यांनी हा धर्मादाय काढला. गरिबाघरच्या मुलांना फिडल शिकवायची, आणि आपल्या मुलखात फिडली घडवणारे जे कुणी उरले असतील त्यांना हात द्यायचा. शोधायला गेल्यावर उरलेला एकच सापडला, ठाण्याचा बस्त्याव मेस्त्री. तेव्हापासून मंडळी त्याला लाकडाचे आणि तातींचे, म्हणजे फिडलीच्या तारांचे, पैसे पुरवत होती, आणि त्याच्या पडवीत मुलांचा वर्ग चालत होता.

इतकं सुरळीत चाललेलं आमच्या चिटणीस रावसाहेबांना बघवलं नाही. त्यांना विलायती कंपन्यांची पत्रकं कोश उघडून वाचायचा नाद आहे. एका बैठकीत त्यांनी चष्मा वर सारला आणि म्हणाले, "शेटजी, फिडलीच्या तातीला इंग्रजीत क्याटगट म्हणतात. क्याट म्हणजे मांजर. गट म्हणजे आतडं."

पेढीवर उंदरांसाठी पाळलेली एक मांजर आहे. ती त्या वेळी मागच्या बैठकीच्या कागदांवर झोपली होती. सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

मांजर मारल्याचं पातक काय असतं हे आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. सोन्याचं मांजर घडवून काशीला दान करावं लागतं. गोकुळशेट म्हणजे घरात कांदासुद्धा येऊ न देणारा माणूस. ते पांढरेफटक पडले. पण व्यापारी तो व्यापारी. घाम पुसून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "रावसाहेब, एक मांजर दान करून सगळ्यांचं भागते, का दर मांजरामागे एक?"

रावसाहेबांच्या कोशात याचं उत्तर नव्हतं. सोनाराला बोलावलं तर तो म्हणाला, वजन सांगा. वजन ठरेना, कारण आकडा ठाऊक नाही. शेवटी ठराव झाला की उपचिटणिसांनी ठाण्याला जाऊन आकडा आणावा, आणि मांजरांची गोष्ट खरी निघाली तर वर्ग तिथल्या तिथे बंद करून परत यावं. उपचिटणिसांना कुणी काही विचारलं नाही.

बोरीबंदरहून सकाळची गाडी धरावी. तिसऱ्या वर्गाचं तिकीट पुरे होतं. इंजिनाजवळच्या डब्यात बसू नये आणि पांढरा अंगरखा तर मुळीच घालू नये. मी दोन्ही केलं आणि ठाण्याला कोळसेवाल्यासारखा उतरलो. स्टेशनाबाहेर टांगेवाले हात धरून ओढतात. ज्यांना तळ्याकाठी जायचंय त्यांनी खुशाल चालत जावं. टांगेवाल्यानं मला आख्खं गाव दाखवलं, त्यात तुरुंगाची भिंत दोन बाजूंनी दाखवली आणि मग तळ्यावर आणून सोडलं. इथे एकाच पाण्यात महादेवाचंही देऊळ दिसतं आणि किरिस्तावांचंही, आणि म्हशी दोन्हींच्या मधोमध डुंबत असतात.

बस्त्यावचं घर विचारावं लागलं नाही. वाडीच्या तोंडाशीच असा काही आवाज ऐकू आला की जणू दहा दारं एकदम कुरकुरताहेत. तो आमचा वर्ग होता. पडवीत किरिस्तावांची आणि आगऱ्यांची पोरं मांडी घालून, मान वाकडी करून, जीव तोडून फिडली घासत होती. त्यांच्यामध्ये बस्त्याव उभा. उंच, पोट सुटलेला, कानाशी करवंदाएवढा चामखीळ, आणि आवाज असा की त्याला फिडलीची काय गरज, असं वाटावं.

"मुंबैचा शेट आला!" तो ओरडला.

"शेट नव्हे, उपचिटणीस," मी म्हणालो.

"तां काय असतां?"

मला नीट सांगता आलं नाही. त्याच्या बायकोनं, मोनीबायनं, माझ्यासमोर केळीच्या पानावर ताडगोळे आणून ठेवले. मी दशम्या बांधून नेल्या होत्या, कारण किरिस्तावाघरी पाणी प्यायलो हे चाळीत कळलं असतं तर पंचाईत होती. पण चैत्राचं ऊन आणि समोर गार ताडगोळे. फळाला विटाळ नसतो असं मी मनात ठरवलं आणि पान रिकामं केलं.

बस्त्यावनं घर दाखवलं. म्हणजे घरातलं एकच दाखवलं. आढ्याला दोरीनं टांगलेले लाकडी साचे, फिडलीच्या अंगाचे, धुरानं काळे झालेले. फिरंग्यांच्या अमलात एका पाद्रीनं त्याच्या पणज्याला ते काम शिकवलं, पणज्यानं आज्याला, आज्यानं बापाला. पाठ फणसाची, पोट शिवणीचं. "आन् सरस घोलीच्या फुग्याचा!" बस्त्याव अभिमानानं म्हणाला. घोळ हा मासा. हे मी ऐकलंच नाही असं ठरवलं. एका खेपेला एक प्राणी पुरे होता.

मग मी कागद काढला, शाई उघडली आणि शक्य तितक्या सरकारी आवाजात विचारलं, "मेस्त्री, एका फिडलीच्या ताती करायला मांजरी किती लागतात?"

बस्त्यावनं चामखीळ खाजवला. "बारा," तो म्हणाला. "कालं असलां तं नऊवर भागतां."

मी लिहून घेतलं. "बोके चालतात?"

"बोक्याचा सूर बसका लागतो."

तेही मी लिहिलं. तोवर पडवीतली पोरं पोट धरून लोळायला लागली होती आणि मोनीबाय पदर तोंडात कोंबून आत पळाली होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मीही हसलो, पण मला हसून भागणार नव्हतं. मी त्याला काशीचं सांगितलं, सोनाराचं सांगितलं, आणि ठरावाची शेवटची ओळ वाचून दाखवली.

तो गप्प झाला. त्या घरात तो गप्प होण्याची कुणाला सवय नसावी, कारण पोरंही आपोआप उठून अंगणात गेली.

"मंजे बंद," तो म्हणाला.

"खरं निघालं तर."

"परलच्या रेल्वेच्या कारखान्यात मला डबे जोडायला बोलवतान. दोनदा नाय म्हनलू. का म्हनलू? ये पोरांसाठी म्हनलू. माज्या बापानं माजे हातात साचा दिला. मी कोनाचे हातात देऊ? डब्याचे?" मग त्यानं खुंटीवरची एक तयार फिडल काढली, खुंट्या पिळून चारही ताती सैल केल्या आणि एकेक ओढून काढल्या. ती मुकी फिडल त्यानं माझ्या मांडीवर ठेवली. "घ्या. आता सोवली झाली. शेटला सांगा, देव्हाऱ्यात ठेव नि फुलां वाह."

मला फार वाईट वाटलं. इतकं की ताती आणतोस कुठून, हे विचारायलाही जीभ उचलेना. मोनीबायनंच निघताना फिडल जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून दिली आणि हळूच सांगितलं, "ताता कल्यानला जैनब्बी करते. पिंजाऱ्यांच्या आलीत. तिला इचारा. यो काय बोलायचा नाय आता."

रात्री धर्मशाळेत उतरलो. ठाण्याची धर्मशाळा स्वच्छ आहे, ढेकूण सोडले तर.

दुसऱ्या दिवशी कल्याणची गाडी. ठाणं सोडलं की खाडीवरचा पूल लागतो. पुलापलीकडे कळव्याची मिठागरं पांढरी चकचकीत पसरलेली, त्यात माणसं अनवाणी मीठ ओढताना दिसतात. माझ्यासमोर मिठागरावरची एक आगरीण बसली होती, टोपली मांडीत घेऊन. तिनं माझ्या मांडीवरचं गाठोडं बोटानं उचकलं.

"यो काय हाय?"

"फिडल."

"आन् तारा कुठं गेल्यान?"

"काशीला," मी वैतागून म्हणालो.

तिनं जरा विचार केला. "मंग ही का मागं रायली?" तिनं फिडलीकडे बोट दाखवून विचारलं, आणि तिच्या दोघी सोबतिणी मुंब्र्यापर्यंत हसत राहिल्या. मुंब्र्याचा डोंगर बघायचा असेल तर उजव्या खिडकीशी बसावं, असं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी डाव्या खिडकीशी होतो. तिकडून खाडीचा चिखल बघायला मिळतो.

पुढे कोपरची भातखाचरं, मग डोंबिवली. इथे उतरण्यासारखं काही नाही. खाचरं, बांधावर बगळे, आणि सावलीला बसलेला एक माणूस. कुणी म्हणे इथे जागा स्वस्त आहे. पण या ओसाडीत कोण राहायला येणार?

कल्याणला मात्र उतरावं. पारनाक्याजवळच्या खानावळीत मठाची उसळ इतकी तिखट मिळते की वाढपी ताकाचं भांडं हातात घेऊनच उभा असतो. ताक दुसऱ्यांदा मागितलं तर तो कपाळाला आठ्या घालतो, तरी मागावं. तिथून खाडीच्या बाजूला उतरलं की पिंजाऱ्यांची आळी. वाट विचारायची गरज नाही. कापूस पिंजायच्या धनुकल्यांचं टण्ण टण्ण सारखं ऐकू येतं आणि नाकात कापूस जातो.

जैनब्बी साठीची बाई, तोंडात पान, बोटांना कसलासा वास. तिच्या अंगणात दोन खांबांच्या मधे पिळलेल्या ताती ताणून वाळत घातल्या होत्या, पापडाच्या वाळवणावर राखण करावी तशी ती त्यांच्यावर राखण करत होती. मी प्रश्न विचारला. या खेपेला कागद खिशातच ठेवला.

"मांजर?" ती म्हणाली. "या अल्ला, मांजर? अरे बाबा, मांजराचं आतडं केवढं, आणि ते काढणार कोण? ओरबाडून खाईल मला ती. बकऱ्याची आहे तात. बकऱ्याची! खाटकाकडून आणते, धुते, सुकवते, पिळते. कुणी सांगितलं तुला मांजर?"

"कोशात आहे," मी म्हणालो.

"मग कोशवाल्यालाच सांग, पकड एक मांजर!"

आळीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पिंजारी काम सोडून मांजर विचारणारा माणूस बघायला आले. जैनब्बीनं ती मुकी फिडल हातात घेतली, बस्त्यावचं नाव ऐकून म्हणाली, "तोच ना, तात जाड झाली तर घरी येऊन भांडणारा? रुसलाय वाटतं." आणि अंगणातल्याच चार ताती काढून तिनं फिडलीवर चढवल्या. खुंट्या पिळल्या. एक तार नखानं ओढली. टण्ण. शेजारच्या ओट्यावर कापूस पिंजणारा म्हातारा हात थांबवून आपल्याच धनुकलीकडे बघायला लागला, तिची तात सुटली की काय म्हणून. एकाच खांबावरच्या ताती त्याही, याही.

परतीच्या गाडीत मी खूश व्हायला हवं होतं. एकाही मांजराचा जीव गेला नव्हता. पण जसजशी मुंबई जवळ यायला लागली तसतसा मला घाम फुटायला लागला. मांजर सुटलं, बकऱ्याचं काय? कांदा न खाणाऱ्या माणसाला मी जाऊन सांगणार होतो की तुमचं वाद्य बकऱ्याच्या आतड्यावर वाजतं. बस्त्यावचे साचे, ती वाकड्या मानेची पोरं, सगळं या एका वाक्यावर टांगलेलं होतं, आणि ते वाक्य सांगायला मंडळीनं मला निवडलं होतं. खोटं बोलावं असंही मनात आलं. रेशमाची तात म्हणावं. पण रावसाहेबांनी लगेच रेशमाचे किडे काढले असते.

पेढीवर बैठक भरली. गोकुळशेट आपल्या गादीवर, लोडाला टेकून. त्या गादीचं शेटजींना फार कौतुक आहे. दर दिवाळीला नवा कापूस पिंजून भरायचा, आणि तिच्यावर पाहुण्यालाही बसवत नाहीत. बाकी सभासद खाली सतरंजीवर. समोर चौरंगावर सोनारानं मेणाचा नमुना आणून ठेवला होता, अंगठ्याएवढं मांजर, शेपूट वर.

मी खरं ते सांगितलं. मांजर नाही, बकरा.

"अधिकच वाईट," रावसाहेब म्हणाले. "मांजराला निदान काशी आहे. बकऱ्याला शास्त्रात काही सोयच नाही."

शेटजींनी डोळे मिटले. "मग बंद," ते म्हणाले. नाटकात रडलेला तोच माणूस हे म्हणत होता आणि त्याला ते म्हणताना त्रास होत होता, हे मला दिसत होतं. मला दुसरं काही सुचेना. मला फिडल वाजवता येत नाही. फडकं सोडलं, बोटानं तार ओढली आणि सोडली. टण्ण.

शेटजींनी डोळे उघडले. "परत."

मी परत ओढली.

"हा आवाज माझ्या ओळखीचा आहे," ते म्हणाले. "बापाच्या वखारीत हाच आवाज ऐकून मी मोठा झालो. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. हा तर पिंजाऱ्याचा आवाज." मग ते माझ्याकडे बघायला लागले. "पिंजारी कशानं पिंजते?"

"तातीनं, शेटजी."

"कसल्या?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही. त्यांनी खाली गादीकडे पाहिलं. बाजूच्या लोडाकडे पाहिलं. मग हात टेकून, गुडघे मोडत, ते गादीवरून उठून उभे राहिले. शेटजी उभे राहिल्यावर आम्ही बसून कसे राहणार? सगळी मंडळी उभी राहिली. रावसाहेबही, कोश काखेत घेऊन. गादी, उश्या, देवाच्या चौरंगावरची बैठक, लेकीच्या लग्नात दिलेले बिछाने, सगळं त्या माणसाच्या डोळ्यांसमोरून जात असणार. मला वाटलं, आता वर्गही गेला आणि माझं उपचिटणीसपदही गेलं.

तेवढ्यात पेढीची मांजर कागदांवरून उतरली, आळोखेपिळोखे देत गादीवर चढली आणि शेटजींच्या ऊबदार जागेत अंगाचं मुटकुळं करून झोपली.

शेटजींनी तिच्याकडे पाहिलं. "जिची हरकत असायला पाहिजे," ते म्हणाले, "तिची तर काही हरकत दिसत नाही." आणि तिला जराही न हलवता, आपल्या सबंध आयुष्यात पहिल्यांदा, ते त्या गादीच्या कडेला बसले. "बसा सगळे. बकऱ्याचं जे काय आहे ते माझ्या नावावर. मी वर गेल्यावर देईन उत्तर. वर्ग चालू ठेवा."

रावसाहेबांनी त्या मेणाच्या मांजराचं काय करायचं ते विचारलं. शेटजी म्हणाले, ठाण्याला पाठवा, पोरांना खेळायला होईल.

घरच्या मंडळीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताडगोळे किती खाल्लेत?" तिच्यापुढे मी कधीच टिकलेलो नाही. पण त्या रात्री गादी घालताना तिनं गादीवर एकदा हात फिरवला. मला वाटतं तीही ऐकायचा प्रयत्न करत होती.

बस्त्याव परळला गेला नाही. पावसाळ्याच्या आत त्याच्याकडून मंडळीसाठी एक नवी फिडल आली. फिडलीच्या शेंड्याला कोरलेली गुंडाळी असते. या फिडलीला तिथे मांजराचं डोकं आहे, कान टवकारलेले, आणि त्या मेणाच्या नमुन्यावरून कोरल्याचं उघड दिसतं. मात्र याला चष्मा आहे. रावसाहेबांनी तो अजून ओळखलेला नाही.

ती आता पेढीच्या खुंटीवर असते. बैठक सुरू करायची झाली की शेटजी हात लांब करून तिची एक तार ओढतात. टण्ण झालं की सगळी मंडळी उठून उभी राहते, क्षणभर गप्प राहते आणि मग बसते. परवा एका नव्या सभासदानं हळूच विचारलं, ही काय पद्धत? मी म्हणालो, जुनी आहे. आणि सतरंजीवर माझ्या जागेला लागून झोपलेली मांजर तेवढी उठली नव्हती, म्हणून जपून बसलो.